सही चालते आहे तोवर

काकींनी तिसऱ्यांदा सही केली, तीही जुळली नाही. काउंटरवरच्या मुलीने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि जुनी सही दाखवली. गोल, टपोरी अक्षरं आणि शेवटी खाली ओढलेला एक ऐटबाज फराटा. समोरच्या कागदावर मात्र पावसाळी भिंतीवरून गोगलगाय गेल्यासारखी रेघ होती. "काका, त्याच आहेत हे मला दिसतंय हो," मुलगी म्हणाली, "पण सिस्टीम घेणार नाही."

हे फेब्रुवारी 2024 मधलं, फोंड्यातल्या एका बँकेतलं. त्या सहीवाचून नऊ लाखांच्या ठेवी अडल्या होत्या आणि चार दिवसांत केअर होमची अनामत भरायची होती. मी स्वतः बँकेत आयुष्य काढून निवृत्त झालेला, त्यामुळे या प्रसंगाचा नियम मला पाठ होता. खातेदार म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे सही करू शकत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेता येतो. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. मॅनेजर तरुण होता. त्याने आधी मान हलवली, मग परिपत्रक शोधलं, मग आतून शाईचा डबा मागवला. अर्ध्या तासात काम झालं. काकींनी अंगठा पदराला पुसला आणि मुलीकडे बघून म्हणाल्या, "मास्तरांची बायको आणि अंगठाछाप! वर बसून हसत असतील."

या कुटुंबाची हकिगत त्यांना विचारूनच लिहितो आहे. नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. आकडे मात्र खरे ठेवले आहेत, कारण या विषयावर आपल्याकडे बोलणं खूप होतं आणि आकडे कुणी सांगत नाही.

काकी फोंडा तालुक्यातल्या. यजमान सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते, 2015 मध्ये गेले. तीन मुलं. थोरला पुण्याला, मधली मुलगी म्हापशाला दिली आहे, धाकटा गावच्या घरात. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जायची. घरामागे लहानसं कुळागर, सुपारी आणि थोडे माड.

जून 2023 मध्ये पहिल्याच मोठ्या पावसात काकी न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, शस्त्रक्रिया झाली. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं, त्यामुळे त्या टप्प्यावर कुणाच्या खिशाला फारशी झळ लागली नाही. हे कार्ड गोव्यात 2016 पासून आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. पण कार्ड इस्पितळाच्या दारापर्यंतच सोबत येतं. घरी आणल्यावर कूस बदलायला, न्हाऊ घालायला, रात्री उठवून कमोडवर बसवायला जे माणूस लागतं, त्याचा खर्च कार्डात किंवा नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. हे कुटुंबाला कळलं ते ऑगस्टमध्ये, पहिल्या महिन्याची रोकड मोजताना.

वर्गणीचे पाच महिने

एजन्सीमार्फत चोवीस तासांची बाई ठेवली. महिना 24,000, शिवाय तिचं जेवणखाण घरचं. तिघांनी आठ-आठ हजार काढायचे ठरले. ऑगस्टला तिघांचे आले. सप्टेंबरला थोरल्याचे वीस तारखेला आले. ऑक्टोबरला धाकटा म्हणाला, "बाई रविवारी सुट्टीवर जाते तेव्हा माझी बायको करते, त्याचं काय?" नोव्हेंबरला मुलीने आपले आठ आणि थोरल्याचे राहिलेले आठ मिळून सोळा भरले आणि ते कुणाला सांगितलं नाही. डिसेंबरला ते सगळ्यांना कळलं.

मला बोलावणं आलं ते या डिसेंबरच्या भांडणानंतर. सोप्यावर बसलो होतो. आतल्या खोलीत काकी, बाहेर धाकटा आणि मुलगी, आणि थोरला पुण्याहून मोबाइलवर. प्रत्येकाकडे आपापला हिशेब होता आणि प्रत्येकाचा हिशेब बरोबर होता. एक रकाना मात्र कुणाच्याच कागदावर नव्हता. वहिनीने जुलैतच नोकरी सोडली होती. पगार 14,000. बाईच्या सुट्ट्या, बाई न सांगता गावी गेली ते अकरा दिवस, आणि रोजचं बाईला काय हवं-नको, हे सगळं तिच्याच अंगावर होतं. मी कागदावर लिहिलं: बाई 24,000, बाईचं जेवण 3,000, वहिनीचा गेलेला पगार 14,000. बेरीज 41,000. थोरला फोनवर म्हणाला, "काका, वहिनीचा पगार कसा धरता? घरचं माणूस आहे." मी म्हटलं, घरचं माणूस म्हणूनच धरतो, बाहेरचं असतं तर तिने बिल दिलं असतं. वहिनी दारात उभी होती, काही बोलली नाही, चहाचे कप उचलून घेऊन गेली.

तोवर दुसरीही गोष्ट सुरू झाली होती. काकी दोनदा गॅस उघडा ठेवून आल्या, एकदा संध्याकाळी "मास्तर शाळेतून का आले नाहीत" म्हणून अंगणात उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, अजून व्यवहार समजतो, पण पुढचं सांगता येत नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य होतं, आणि घरच्यांनी ते दुःख म्हणून ऐकलं. मी मुदत म्हणून ऐकलं.

त्याचं कारण सांगतो. लोक समजतात की आईचं मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. 1872 च्या कंत्राट कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे कागदाची खरी गरज पडते त्याच दिवशी तो कागद निकामी होतो. नॉमिनेशन तर मेल्यानंतरचं. जिवंत पण भान हरपलेल्या माणसाच्या पैशाला हात लावायचा तर कोर्टात पालक नेमून घ्यावा लागतो, आणि तोवर केअर होमवाला थांबत नाही. म्हणून मी म्हटलं, जागा मागाहून बघू. आधी आईचा पैसा किती आहे, कुठे आहे, आणि तो कुणाच्या सहीने निघेल ते ठरवू. मुलगी नाराज झाली. तिला वाटलं, काका आधी पैशाकडे बघतात.

आईचं आईने

माझं मत तेव्हा जे होतं तेच आज आहे. असा खर्च शक्य असेल तिथे म्हाताऱ्या माणसाच्या स्वतःच्या पैशातून व्हावा. वर्गणीत प्रेम महिन्याला मोजलं जातं, आणि ज्याचे पैसे उशिरा येतात तो आईला भेटायला यायचंही टाळू लागतो. पुण्याच्या चिरंजीवांचं नेमकं तेच झालं होतं.

शोध सुरू केला तर पहिली गंमत पेन्शनमध्ये निघाली. काकींना कुटुंब निवृत्तिवेतन मूळ 15,000, त्यावर महागाई भत्ता. वयाची 80 पूर्ण झाली की मूळ रकमेत 20 टक्के वाढ मिळते, 85 ला 30, 90 ला 40. काकी एप्रिल 2022 मध्ये ऐंशीच्या झाल्या, आणि वाढ लागलीच नव्हती. कारण साधं. पेन्शनच्या कागदावर मास्तरांची जन्मतारीख होती, हिची नव्हती. मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले बिनचूक लिहिले, बायकोच्या तारखेचा रकाना कोरा राहिला. आधार आणि जुना शाळेचा दाखला जोडून अर्ज दिला. तीन महिने गेले, दोन खेपा जास्त झाल्या, पण 23 महिन्यांची थकबाकी सुमारे 98,000 रुपये खात्यात आली आणि महिन्याचं वेतन 22,500 वरून 27,000 झालं. वाचणाऱ्यांपैकी कुणाची आई किंवा आजी ऐंशी ओलांडलेली असेल आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेत असेल, तर आज रात्री तिचं पासबुक काढून बघा.

ठेवी 22 लाख. नऊ या बँकेत, आठ दुसऱ्या बँकेत, पाच एका पतसंस्थेत. पतसंस्थेचं व्याज सर्वांत जास्त होतं आणि माझी झोप तिनेच उडवली. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नसतं. धाकटा म्हणाला, चेअरमन आपल्या ओळखीचे आहेत. असतील. आम्ही पैसे काढले.

बावीसपैकी 20 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. एप्रिल 2023 पासून तिची मर्यादा 15 वरून 30 लाख झाली आहे, व्याज तेव्हा 8.2 टक्के होतं, आणि एकदा ठेवल्यावर पाच वर्षं दर बदलत नाही. तिमाहीला 41,000, म्हणजे महिन्याला 13,667 पडतात. मुदतीआधी ठेवी मोडल्याचा एक टक्का दंड बसला, तो सोसला. उरलेले दोन लाख बचत खात्यातच ठेवले आणि त्या खात्यावर मुलीचं नाव लावून घेतलं, दोघींपैकी कुणीही चालवू शकेल असं. पैसे आईचेच, मुलगी फक्त हात. हे वाक्य तिघांकडून कागदावर लिहून घेतलं, कारण उद्या आई गेल्यावर ते खातं कुणाचं यावरून तोंडं फिरतात.

प्राप्तिकर लागत नाही इतकंच सांगतो. तेव्हा दर एप्रिलला 15 एच फॉर्म द्यावा लागायचा, म्हणजे व्याजातून कपात होत नसे.

शेजारच्या एकाने दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दोन हजार का घेत नाही, असं विचारलं. ती योजना ज्यांना दुसरा आधार नाही त्यांची, पेन्शनवालीने तिथे हात घालू नये. मुलीच्या मनात प्रोव्हेदोरियाचा आश्रमही आला होता. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली ही सरकारी संस्था वृद्धांसाठी घरं चालवते, पण ती मुळात निराधारांची सोय. काकींनी तिथली खाट अडवली तर खरोखर कुणी नसलेली एखादी म्हातारी बाहेर राहिली असती.

घर विकू या

थोरल्याची सूचना पहिल्या दिवसापासून एकच. घर आणि कुळागर विकू, आईचं थाटात करू, उरलेलं वाटून घेऊ. पुण्यात राहून त्याला पुण्याचा हिशेब सुचला. गोव्यात ते तसं नाही. आपल्याकडे लग्नाबरोबर मालमत्ता नवरा-बायकोची समाईक होते, त्यामुळे मास्तर गेले त्या दिवशी अर्धं घर मुळातच काकींचं होतं. उरलेल्या अर्ध्यात तीन मुलं, मुलगी धरून, प्रत्येकी एक-षष्ठांश. वर मुलांचे जोडीदारही त्यात येतात. म्हणजे विक्रीच्या दस्तावर सात सह्या: काकी, तिघं, दोन सुना आणि जावई. त्याआधी वारसांचा दस्त व्हायला हवा होता, तो 2015 पासून कुणी केला नव्हता. चवथीला सगळे जमतात तेव्हा करू, असं आठ चवथी म्हणत राहिले.

धाकट्याने दुसरं टोक धरलं. आईने आपला अर्धा हिस्सा माझ्या नावावर करावा, मी शेवटपर्यंत बघतो. मी त्याला 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 दाखवलं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असलेली बरी, आणि आईचं भान गेलं तर तिच्या वतीने दुसऱ्या कुणाला न्यायाधिकरणापुढे उभं राहावं लागतं. शिवाय भावंडांचा कायदेशीर हिस्सा असतोच. त्याने कागद वाचला, म्हणाला, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही." विश्वासाचा प्रश्न नव्हता. वहिनी पाच महिन्यांत सुकून गेली होती, आणि तो जे करणार म्हणत होता ते तिलाच करावं लागणार होतं.

शेवटी विक्री नाही, हस्तांतरण नाही. कुळागराचं उत्पन्न वर्षाला 48,000 येत होतं, ते धाकट्याच्या हाती राहायचं. अर्धं आईचं म्हणून 24,000 तिच्या खात्यात जावेत, बाकीचं तो पाणी-शिंपणं करतो त्यात वळावं, इतकं मात्र सगळ्यांना पटलं. त्या संध्याकाळचा तेवढाच निकाल.

चार जागा

जागा बघायला मुलगी, वहिनी आणि मी असे तिघं गेलो. वहिनीला न्यायचा आग्रह माझा होता. आईचं अंग कुठे दुखतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिली जागा नन चालवत असलेली. स्वच्छ, शांत, बागेत तुळसही होती. सिस्टर फार प्रेमाने बोलल्या आणि स्वतःच म्हणाल्या, आम्ही चालती-फिरती माणसं घेतो, रात्री उठवून बसवावं लागेल अशी नाही घेऊ शकत. बऱ्याच धर्मादाय घरांची हीच मर्यादा असते आणि ती आधी सांगणारे भले. दुसरी बार्देशमधली, हॉटेलसारखी. महिना 52,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 61,360. धर्मादाय किंवा सरकारी वृद्धाश्रमाने राहणं-जेवण धरून महिना 25,000 पर्यंत घेतले तर कर माफ असतो, खासगीला ती सवलत नाही. अनामत तीन लाख, त्यातली अर्धी परत न मिळणारी. तिथल्या मावश्या सगळ्या परराज्यातल्या, हिंदी बोलणाऱ्या. वहिनीने हळूच विचारलं, "आईला हिंदी येतंच कुठे? आता तर मराठीसुद्धा जाते, कोकणी तेवढी राहते." आजार पुष्कळदा असा उलटा उतरतो, शेवटी शिकलेलं आधी जातं. तिसऱ्या जागेबद्दल लिहिण्यासारखं नाही, दारातच लघवीचा वास आला आणि आम्ही पाणीही न पिता फिरलो.

चौथी फोंड्यापासून अर्ध्या तासावर, एका निवृत्त नर्सने आपल्या जुन्या घरात काढलेली. चौदा खाटा. दिवसा गेलो तेव्हा सगळंच बरं दिसलं, पण दिवसा सगळीकडेच बरं दिसतं. म्हणून मुलीला सांगितलं, पुढच्या खेपेला न कळवता रात्री साडेआठला जा. ती गेली. स्वयंपाकघर धुऊन झालं होतं, एक मावशी एका आजोबांना भरवत होती, अर्धी वाटी शिल्लक होती तरी घाई करत नव्हती. रात्री चौदा माणसांना दोन जागत्या बायका. त्यातल्या एकीला मुलीने विचारलं, दोन वाजता कुणी हाक मारली तर? ती म्हणाली, "हाक कशाला, आम्हीच दर दोन तासांनी कूस बदलतो, भिंतीवर लिहितो." भिंतीवर खरंच वही टांगलेली होती. वहिनीने खाटेवरच्या एका आजीची नखं बघितली, टाचा बघितल्या. टाचेला लाल डाग नव्हता. मी इन्व्हर्टर किती तास चालतो ते विचारलं, कारण जूनमध्ये आपल्याकडे वीज गेली की हवेच्या गादीतली हवा जाते आणि पाठीला जखम सुरू होते.

काकींना काय सांगायचं यावर मात्र मोठा वाद झाला. मुलीचं म्हणणं, व्यायामासाठी महिनाभर जायचं आहे असं सांगू. बहुतेक घरांत असंच सांगतात. मला ते मान्य नव्हतं. ज्या बाईने आठवड्यापूर्वी बँकेत बसून स्वतःच्या पैशावर अंगठा दिला, तिला तो पैसा कशावर जाणार हे कळायला हवं. शेवटी वहिनीनेच सांगितलं, न्हाऊ घालताना. काकी बराच वेळ गप्प राहिल्या. मग कोकणीत एवढंच विचारलं, "थंय पेज मेळटली?" तिथे पेज मिळेल का?

आम्ही परत जाऊन विचारलं. तिथे सकाळी उपमा-पोहे असायचे. उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड, साडेदहाला, असं आम्ही सांगितलं आणि नर्सबाई हसल्या. म्हणाल्या, आणखी पाच जणांना तेच हवं असतं, कुणी मागितलं नव्हतं म्हणून करत नव्हतो. आता तिथे सगळ्यांनाच पेज असते.

करारातल्या ओळी

फी करासह 34,000, दोघींच्या खोलीत. पण 34,000 हा आकडा फक्त पाटीवरचा. डायपर 3,600, औषधं 3,400, फिजिओथेरपी आठवड्याला दोनदा धरून 4,000. बेरीज 45,000. आईचं उत्पन्न: पेन्शन 27,000, व्याज 13,667, एकूण 40,667. महिन्याला 4,333 कमी, वर्षाला 52,000. त्यात कुळागराचे 24,000. उरलेले 28,000 थकबाकीतून आणि शिलकीतून. म्हणजे वर्गणी शून्य. मुलांनी आपापल्या इच्छेने आईसाठी काय आणायचं ते आणावं, हिशेब नाही.

एक अडचण कागदावर दिसत नाही. फी दर महिन्याच्या पाच तारखेला, व्याज तीन महिन्यांनी. दोन लाख बचत खात्यात पडून का ठेवले, याचं उत्तर तिथे आहे. पेन्शन थांबली तर सगळंच कोसळेल, म्हणून हयातीचा दाखला चुकवून चालत नाही. ऐंशीच्या वरच्यांना तो नोव्हेंबरची वाट न बघता 1 ऑक्टोबरपासून देता येतो, आणि मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. काकींचा 2024 चा दाखला त्यांच्या खाटेवरच झाला. दोनदा फसला, कारण त्या फोनकडे बघून ओळखीचं कुणी आहे का म्हणून हसत होत्या.

करार सहा पानी होता. दर वर्षी आठ टक्के वाढ. हिशेब मांडून दाखवला: दुसऱ्या वर्षी 36,720, तिसऱ्या वर्षी 39,658. घरच्यांनी फक्त पहिल्या वर्षाचा आकडा बघितला होता. दुसरी ओळ: रहिवासी अंथरुणाला खिळल्यास महिना 7,000 जादा. खिळलेला म्हणजे नक्की कोण, ते कुठेच नव्हतं. मी पेनाने लिहिलं, "एका माणसाच्या आधाराने पलंगावरून उठून खुर्चीत बसू न शकणारा", नर्सबाईंनी वाचलं, खाली सही केली. अनामत दोन महिन्यांची, 68,000, सहा महिन्यांनंतर परत नाही असं छापलं होतं. ते खोडून "सोडल्यापासून तीस दिवसांत परत" केलं. यावर त्या जरा रुसल्या, म्हणाल्या, "तुमच्यासारखे चार आले तर मला दुकान बंद करावं लागेल." खरंही असेल. लहान घर चालवणं सोपं नाही, बायका टिकत नाहीत, एका मावशीला दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळाले की ती जाते. पण अनामत गिळून ते सुटत नाही. कराराखाली तिन्ही भावंडांनी सह्या केल्या. फक्त मुलीची चालली असती, मी चालू दिली नाही. जबाबदार व्यक्ती म्हणून ज्याची एकट्याची सही, रात्री दोनचा फोन त्याच्या एकट्याच्या घरी वाजतो.

फेब्रुवारी 2024 च्या शेवटच्या आठवड्यात काकी तिकडे राहायला गेल्या. सोबत मास्तरांचा फोटो, पितळेचं निरांजन आणि एक जुनी उशी. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. त्या सारख्या दाराकडे जात, मुलगी म्हापशाहून रोज फोन करून रडायची, धाकटा तर तिकडे फिरकलाच नाही. वहिनी दर बुधवारी बसने जायची, आणि एप्रिलपासून तिने पुन्हा काम धरलं, आधीच्यापेक्षा पाचशे रुपये कमी पगारावर. चवथीला, 7 सप्टेंबरला, काकींना घरी आणलं. माटोळीखाली खुर्ची ठेवली. तिथे बसून त्यांनी वर टांगलेल्या फळांतली सुपारीची शिपटी ओळखली, धाकट्याच्या मुलाला नाही ओळखलं. दीड दिवसाने परत. करारात पंधरा दिवसांच्या आतल्या गैरहजेरीला सूट नव्हती, त्या दीड दिवसाचेही पैसे लागले. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती.

वारसांचा दस्त अजून अर्धवट आहे. पुण्याच्या सुनेचा एक कागद यायचा आहे. थोरला आता दोन महिन्यांनी येतो, पूर्वीपेक्षा जास्त.

फेब्रुवारी 2025 पासून फी 36,720 झाली. मार्चमध्ये नर्सबाईंचा फोन आला, काकी आता फारशा उठत नाहीत, जादा सात हजार लावायला हवेत. मुलगी घाबरली, मी करार घेऊन गेलो. फिजिओथेरपीवाला मुलगा होता, तो काकींच्या काखेत हात घालून म्हणाला, "आजी, चला." त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. उठल्या. पलंग ते खुर्ची तीन पावलं होती, ती घेतली आणि बसल्या. नर्सबाईंनी हात वर केले. त्या महिन्याचं बिल 36,720 चंच आलं.